हवा कमी, पकड जास्त?

‘टायरमध्ये हवा थोडी कमी ठेवा, वळणावर गाडी रस्ता घट्ट धरते,’ असा सल्ला वर्षानुवर्षे फिरतोय. वाळूत तो खरा ठरतो, म्हणून पटतोही. डांबरी रस्त्यावर मात्र हवा कमी असली की टायरची बाजू वळणात दुमडते, भार कडांवर जातो आणि स्टिअरिंगला गाडी उशिरा प्रतिसाद देते. हायब्रीड गाडीत (इंजिनासोबत बॅटरीवरची मोटरही असलेल्या) बॅटरीचं जादा वजन असतं, त्यामुळे हे अधिकच जाणवतं; शिवाय मायलेज घटतं ते वेगळंच.

तपासायचं कसं? गाडी तीनेक तास उभी राहिल्यावर, टायर थंड असताना हवा मोजा. ती ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवरील आकड्याशी जुळवा. टायरवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो. दोन्ही कडा मधल्या भागापेक्षा जास्त झिजल्या असतील, तर हवा बहुधा कमीच राहिली आहे.