ताप चढला की बोलकी होणारी मुलं

ऑटिझम असलेल्या मुलांच्या आयांकडून डॉक्टर कित्येक वर्षं एक गोष्ट ऐकत आले आहेत. मुलाला ताप आला की ते नजरेला नजर देतं, चार शब्द जास्त बोलतं. ताप उतरला की पुन्हा पहिल्यासारखं. २००७ साली अमेरिकेत अशा ३० मुलांच्या वागण्याची रीतसर नोंद ठेवली गेली, तेव्हा बहुतेकांत तापाच्या दिवसांत काही ना काही फरक दिसला. आया उगाच सांगत नव्हत्या.

या कोड्याचा एक धागा इंटरल्युकिन-१७ए या प्रथिनापाशी पोचतो. त्याचं जनुक आपल्या सहाव्या गुणसूत्रावर असतं. रोगप्रतिकारक यंत्रणेतल्या काही पेशी, म्हणजे टी पेशी, हे प्रथिन सोडतात आणि ‘जंतू आलेत, तयार राहा’ असा निरोप इतर पेशींना देतात. तेच अती झालं की सोरायसिससारखे त्वचेचे आजार भडकतात. त्याला अडवणारी औषधं आज बाजारात आहेत.

एमआयटीच्या ग्लोरिया चोई आणि हार्वर्डचे जुन हू यांनी गाभण उंदरिणींना विषाणूची नक्कल करणारं रसायन टोचलं. आयांच्या अंगात हे प्रथिन वाढलं आणि पिलांच्या मेंदूच्या बाह्यपटलात जागोजागी थर विस्कटले. ही पिलं मोठी झाल्यावर, ऑटिझममध्ये दिसतं तसं एकच काम पुन्हा पुन्हा करत, पिंजऱ्यातल्या काचेच्या गोट्या भुशात पुरत बसायची. एका बाजूला अनोळखी उंदीर, दुसऱ्या बाजूला निर्जीव वस्तू ठेवली, तर साधा उंदीर उंदराकडे ओढला जातो. यांना दोन्ही सारखंच. आईच्या शरीरात हे प्रथिन रोखलं, तर पिलं नेहमीसारखी निघाली. हे २०१६ साली प्रसिद्ध झालं. पुढे कळलं की आईच्या आतड्यात ठरावीक जिवाणू नसतील, तर हा सगळा बिघाड होतच नाही!

एवढ्यावर हे प्रथिन खलनायक ठरलं असतं. पण २०२० साली याच गटाने अशाच मोठ्या झालेल्या पिलांना जिवाणूंच्या आवरणातला एक घटक टोचून आजारी पाडलं, आणि ती दुसऱ्या उंदरांशी मिसळू लागली. नुसतं अंगाचं तापमान वाढवून पाहिलं, तर काही फरक नाही. म्हणजे करामत तापाची नव्हती. मेंदूच्या त्याच विस्कटलेल्या भागातल्या चेतापेशींवर इंटरल्युकिन-१७ए जाऊन बसत होतं आणि त्यांची अवाजवी धडपड शांत करत होतं. गर्भात ज्याने घडी विस्कटली, तेच नंतर तात्पुरती बसवत होतं.

जनुकीय बिघाडामुळे एकलकोंड्या झालेल्या उंदरांवर मात्र त्या आजारपणाचा परिणाम झाला नाही. त्यांच्या शरीरात हे प्रथिन वाढलंच नव्हतं. ते थेट मेंदूत सोडल्यावर तेही मिसळू लागले. (हे वाचून कुणी मुलाचा ताप अंगावर काढू नये. उंदीर तो उंदीर, आणि ऑटिझमची कारणं एक-दोन नाहीत.)

मला सगळ्यात गंमत वाटते ती सी. एलिगन्स या मिलिमीटरभर लांबीच्या कृमीची. त्याच्याकडे मोजून ३०२ चेतापेशी, टी पेशी तर एकही नाही. तरीही इंटरल्युकिन-१७चं त्याचं स्वतःचं रूप आहे, आणि ते थेट चेतापेशींवर काम करतं. भोवती प्राणवायू जास्त झाला की हे कृमी एकमेकांना बिलगून घोळका करतात. ते जनुक बिघडवलं की घोळका जमत नाही. जंतूंशी लढण्याचं काम या निरोप्याच्या गळ्यात बहुधा नंतर पडलं असावं.