‘मेसेज पाहिलाच नाही’ : एका सबबीची पार्श्वभूमी

नोव्हेंबर २०१४ मध्ये व्हॉट्सॲपने एक बारीकसा बदल केला. तोवर पाठवलेल्या मेसेजखाली एक करडी टिक यायची आणि पलीकडच्या फोनवर तो पोचला की दुसरी. आता मेसेज उघडला गेला की त्या दोन्ही निळ्या व्हायला लागल्या. बस, एवढंच. तरी या टिकांवर जगभरातून टीकेची झोड उठली आणि काही आठवड्यांत कंपनीला ही सोय बंद करायचा पर्याय द्यावा लागला. तोही अट घालून: आपण वाचलं हे लपवायचं असेल, तर समोरच्याने वाचलं का हेही आपल्याला दिसणार नाही. ग्रुपमध्ये तर तेवढीही सूट नाही.

तेव्हा बहुतेकांची तक्रार खासगीपणाबद्दल होती. पण मेसेजमधला मजकूर काही कुणी तिसरा वाचत नव्हता. मला विचाराल तर हातून गेली होती ती एक सबब. ‘अगं, पाहिलाच नाही तुझा मेसेज’ हे वाक्य दोघांचीही अब्रू राखायचं. म्हणणाऱ्याला ते खोटं आहे हे ठाऊक असायचं, ऐकणाऱ्यालाही बहुधा कळायचं, आणि तरी काम भागायचं. या सबबीच्या आधीही अशा कित्येक सबबी होत्या. त्या एकामागून एक कशा गेल्या, हे पाहिलं तर सोशल मीडियाने माणसामाणसांत नेमकं काय बदललं ते अधिक स्वच्छ दिसतं.

एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये खात्यापित्या घरांत याची रीतसर व्यवस्थाच होती. पाहुणा दारात यायचा, नोकर सांगायचा, ‘बाईसाहेब घरी नाहीत.’ बाईसाहेब वरच्या मजल्यावर असायच्या. पाहुण्याला ते कळायचं, पण त्याचा अर्थ ‘आज भेटणार नाहीत’ एवढाच घ्यायचा असतो हेही त्याला माहीत असायचं. तो आपलं कार्ड ठेवून निघून जायचा. शिष्टाचाराने मान्य केलेलं हे खोटं होतं आणि त्यावरून कुणाचं मन दुखावत नसे. पत्राची गोष्ट तर आणखी सोपी. उशीर झाला तर दोष टपालावर ढकलता यायचा.

टेलिफोनने दारातला तो नोकर काढून टाकला. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेलला पेटंट मिळालं ७ मार्च १८७६ रोजी, आणि तीन दिवसांनी त्याने बाजूच्या खोलीतल्या वॉटसनला, म्हणजे आपल्या मदतनिसाला, तारेवरून हाक मारली. पुढे हे यंत्र घरोघरी गेलं तेव्हा पहिला पेच तांत्रिक नव्हताच. घंटा वाजली की पलीकडे कोण आहे ते कळत नाही, मग सुरुवात कशाने करायची? बेलला खलाशांची ‘अहॉय’ ही हाळी पसंत होती. एडिसनने १८७७ मध्ये ‘हॅलो’ सुचवला, आणि तो टिकला. आज आपण जो शब्द विचार न करता तोंडातून काढतो, तो मुळात एका अवघडलेपणावरचा तोडगा आहे.

त्या काळातल्या सामायिक लाइनी इथे आठवतात. तारा ओढणं महाग, म्हणून अनेक ठिकाणी, विशेषतः अमेरिकेच्या ग्रामीण भागात, एकाच तारेवर बरीच घरं जोडलेली असत. प्रत्येक घराची घंटा वेगळी: कुणाची दोन लांब एक आखूड, कुणाची तीन आखूड. घंटा सगळ्यांकडे वाजायची. मग शेजारीपाजारी हळूच रिसीव्हर उचलून ऐकायचे. जितके जास्त रिसीव्हर उचलले जात, तितका आवाज क्षीण होई. म्हणजे बोलणाऱ्याला आवाज बारीक झाला यावरूनच कळायचं, की आपल्याला ऐकायला बरीच मंडळी जमलेली आहेत. ‘सीन बाय’ची, म्हणजे कुणी कुणी पाहिलं त्याची, यादी तेव्हाही होती, फक्त नावं नव्हती.

तरी फोनने एक सबब शाबूत ठेवली होती. फोन भिंतीला बांधलेला होता. माणूस बाहेर गेला की विषय संपला. आन्सरिंग मशीन आलं तेव्हा ही सबब जाईल असं वाटलं होतं. आवाज चुंबकीय तारेवर नोंदवायची युक्ती डेन्मार्कच्या वाल्डेमार पोल्सेनने १८९८ मध्येच काढली होती. पण पाश्चात्त्य घरांत ही यंत्रं खरी रुळली ती १९७० आणि ८० च्या दशकांत. गैरहजेरीत निरोप घेण्यासाठी बनवलेलं हे यंत्र लोकांनी हजेरीतच वापरायला सुरुवात केली. घंटा वाजायची, यंत्र बोलायचं, निरोप देणाऱ्याचा आवाज खोलीत घुमायचा, आणि घरातली माणसं तिथेच बसून ठरवायची, उचलायचा की नाही. कुणी समंजस असेल तर निरोपातच म्हणायचं, ‘तू असशील तर उचल बघू.’ बाईसाहेबांचा नोकर परत आला होता, प्लास्टिकच्या खोक्यातून.

सतत हाताशी असणं हे तोवर काही ठराविक लोकांच्या कामाचा भाग होतं. पेजर, म्हणजे बोलावणं आलं की वाजणारं छोटं यंत्र, ही अशाच माणसांची वस्तू होती. अल ग्रॉसने १९४९ मध्ये त्याचं पेटंट घेतलं आणि सुरुवातीचे वापरकर्ते होते डॉक्टर. कमरेचा पेजर वाजला की डॉक्टर जेवणावरून उठणार, हे सगळे समजून घेत, कारण ते कुणाच्या तरी जिवाचं काम असे. पुढे जे बंधन सगळ्यांच्या गळ्यात पडलं, ते आधी ड्यूटीवरच्या माणसाचं होतं. बंधन आलं, पण त्यामागचं कारण मात्र मागेच राहिलं.

मग ३ एप्रिल १९७३. न्यूयॉर्कच्या सिक्स्थ ॲव्हेन्यूवर मोटोरोलाचा मार्टिन कूपर किलोभराहून जड असा एक ठोकळा कानाला लावून उभा राहिला आणि त्याने फोन लावला तो प्रतिस्पर्धी बेल लॅब्जमधल्या जोएल एंगलला. मी खऱ्याखुऱ्या हातातल्या फोनवरून बोलतोय, हे ऐकवायला. (जगातला असा पहिला कॉल खिजवण्यासाठी होता, हे मला फार मानवी वाटतं.) बाजारात यायला त्या फोनला आणखी दशक लागलं. किंमत ३,९९५ डॉलर, आणि बोलणं जेमतेम अर्धा तास. कूपरचं म्हणणं असं, की तोवर आपण फोन करायचो तो एखाद्या जागेला, घराला नाहीतर ऑफिसला, आणि आता तो माणसाला करता येणार होता. त्याचा परिणाम बोलण्याच्या पहिल्याच वाक्यात दिसतो. घरच्या फोनवर पहिला प्रश्न असायचा, ‘कोण बोलतंय?’ मोबाइलवर तो झाला, ‘कुठे आहेस?’ ‘घरी नव्हतो’ ही सबब त्या प्रश्नाने निकालात काढली.

तिच्या जागी नव्या आल्या, आणि त्याही यंत्रानेच पुरवल्या. रेंज नव्हती. बॅटरी गेली. सायलेंटवर होता. आणि सगळ्यांत मोठा दिलासा दिला तो एसएमएसने. १९८० च्या दशकात फ्रीडहेल्म हिलब्रांड या जर्मन अभियंत्याने टाइपरायटरवर मनाला येतील ती वाक्यं बडवून अक्षरं मोजली आणि १६० पुरेशी आहेत असा निष्कर्ष काढला. पोस्टकार्डांवरचा मजकूर साधारण किती असतो तेही त्याने पाहिलं. पहिला एसएमएस ३ डिसेंबर १९९२ रोजी इंग्लंडमध्ये गेला, त्यात नाताळच्या शुभेच्छा होत्या. एसएमएसची खरी मौज अशी, की तो मोबाइलच्या काळातलं पोस्टकार्ड होता. घंटा वाजून हातातलं काम सोडायला लावत नसे. सवडीने वाचा, सवडीने लिहा. अनेक अबोल नाती त्या १६० अक्षरांत बोलकी झाली.

बदल शिरला तो दुसऱ्या बाजूने, कॉम्प्युटरवरून. १९९६ मध्ये आयसीक्यू आणि १९९७ मध्ये एओएलचा इन्स्टंट मेसेंजर आला. त्यात ओळखीच्यांची यादी होती आणि कोण आत्ता ऑनलाइन आहे हे त्यात दिसायचं. माणूस बोलण्याआधीच त्याची हजेरी लागायला लागली. तरी इथेही ‘अवे’ची, म्हणजे ‘जागेवर नाही’ची, पाटी होती. लोक ती लावून उठायचे आणि तिच्यावर गाण्याच्या ओळी, टोमणे, मनातली मळमळ असं काहीबाही लिहायचे. आजच्या स्टेटसची ही आजी. पुढे ब्लॅकबेरी फोनवरच्या २००५ च्या मेसेंजरमध्ये मेसेजशेजारी दोन अक्षरं दिसायला लागली: पोचल्याचं ‘डी’ आणि वाचल्याचं ‘आर’. निळ्या टिकेच्या नऊ वर्षं आधी. त्याची बोंब झाली नाही, कारण ब्लॅकबेरीवाले बहुतेक नोकरीपायीच ते वागवत होते. डॉक्टरांच्या पेजरचाच तो वारसा. त्याला ‘क्रॅकबेरी’ म्हणायचे; क्रॅक हा एक मादक पदार्थ, म्हणजे व्यसनाचं नाव आधीच ठेवून झालं होतं.

त्याच सुमाराला दुसरं काही घडत होतं. फेसबुक २००४ मध्ये सुरू झालं तेव्हा कुणाचं काय चाललंय हे पाहायला त्याच्या पानावर जावं लागायचं, कुणाच्या घरी जावं तसं. ५ सप्टेंबर २००६ रोजी न्यूज फीड आलं आणि सगळ्यांच्या हालचाली सगळ्यांच्या समोर आपोआप येऊन पडायला लागल्या. वापरणारे खवळले. झुकेरबर्गने त्याच दिवशी लिहिलं, ‘शांत व्हा. श्वास घ्या. तुमचं ऐकू येतंय आम्हाला.’ कंपनीचा बचाव असा, की नवीन काहीच उघड झालेलं नाही, जे आधी दिसत होतं तेच दिसतंय. तांत्रिकदृष्ट्या ते बरोबरच होतं. पण ‘बरं वाटत नव्हतं म्हणून आले नाही’ असं कळवणाऱ्या मैत्रिणीचा त्याच संध्याकाळचा हसरा फोटो शोधून काढावा लागणं आणि तो न शोधता समोर येणं यात फरक आहे. पहिल्यात शोधणाऱ्याचा दोष असतो. दुसऱ्यात मैत्रिणीला उत्तर द्यावं लागतं. फेब्रुवारी २००९ मध्ये लाइकचं बटण आलं आणि गप्प राहणंही मोजलं जायला लागलं. सत्तर जणांनी अंगठा दिला, तू का नाही?

आता व्हॉट्सॲपकडे परत येते, कारण या कथेतली गंमत तिथेच आहे. यान कूमने २००९ मध्ये ते सुरू केलं तेव्हा ते मेसेज पाठवायचं ॲप नव्हतंच. फोनमधल्या नावांपुढे एक ओळ दिसावी, ‘जिममध्ये आहे’, ‘बॅटरी संपत आलीय’, म्हणजे फोन करणाऱ्याला आधीच अंदाज येईल, एवढीच कल्पना. थोडक्यात, सबबींचा फळा. त्याच वर्षी जूनमध्ये ॲपलने आयफोनवर पुश नोटिफिकेशन दिलं, म्हणजे ॲप उघडलेलं नसतानाही त्याची सूचना फोनवर यायची सोय. स्टेटस बदललं की ओळखीच्यांचे फोन वाजायला लागले, आणि लोक त्या पाट्यांमधूनच एकमेकांशी बोलायला लागले. कूमने ते हेरलं आणि ॲपमध्ये मेसेजची सोय घातली. २०१४ च्या फेब्रुवारीत फेसबुकने ही कंपनी १९ अब्ज डॉलरला घ्यायचं जाहीर केलं, आणि नोव्हेंबरमध्ये टिका निळ्या झाल्या. ‘मी आत्ता सापडणार नाही’ हे सांगायला काढलेलं साधन पाच वर्षांत ‘तू सापडलास’ असं सांगायला लागलं.

यात कुणाचा कट होता असं मला वाटत नाही. पोचपावती ही यंत्रांच्या जगातली सरळ गोष्ट आहे. एका कॉम्प्युटरने दुसऱ्याला काही पाठवलं की मिळाल्याचा इशारा उलट येतो, नाहीतर पुन्हा पाठवायचं की नाही हे त्याला कळणार कसं? अभियंत्याला जे स्वाभाविक वाटतं ते त्याने माणसांच्या गप्पांत आणलं. पण यंत्राला उत्तर यायला उशीर झाला तर ते रुसत नाही. ‘टायपिंग’ असं दिसतंय, थांबलं, पुन्हा दिसतंय, पुन्हा थांबलं, आणि शेवटी नुसतं ‘ओके’ आलं, तर त्या मधल्या दीड मिनिटाचा अर्थ लावत रात्र घालवणारा प्राणी वेगळाच असतो.

या साऱ्यात वॉकमनची आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. सोनीने १ जुलै १९७९ रोजी तो आणला तेव्हा त्याला हेडफोनची दोन भोकं होती आणि एक नारिंगी बटण. ते दाबलं की गाण्याचा आवाज खाली जायचा आणि दोघं ऐकणारे छोट्या मायक्रोफोनमधून एकमेकांशी बोलू शकायचे. एकट्यानेच कान बंद करून बसणं असभ्य दिसेल, अशी सोनीच्या अकिओ मोरिता यांची भीती होती. पुढच्या मॉडेलांतून ते बटण गेलं. कुणाला त्याची गरजच वाटली नव्हती. चारचौघांत बसून तिथे नसण्याची परवानगी समाजाने तेव्हाच देऊन टाकली. स्मार्टफोनमध्ये दोन्ही धागे एकत्र झाले: लांबच्यासाठी सदैव हजर, जवळच्यासाठी कानात इअरफोन.

सबबी गेल्या, तशी काही ठिकाणी त्यांची जागा कायद्याने घेतली. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कंपन्यांना कामाच्या वेळेबाहेर संपर्क तोडण्याच्या हक्काबद्दल कर्मचाऱ्यांशी वाटाघाटी कराव्या लागतात. पोर्तुगालने २०२१ मध्ये उलट बाजू धरली आणि वेळेबाहेर संपर्क करूच नका असं मालकांना बजावलं. ऑस्ट्रेलियात ऑगस्ट २०२४ पासून कर्मचारी साहेबांच्या वेळेबाहेरच्या मेसेजवर लक्ष ठेवायला, तो वाचायला किंवा त्याला उत्तर द्यायला नकार देऊ शकतात, नकार अवाजवी नसला म्हणजे झालं. यात ‘वाचायला’ हा शब्द वेगळा घालावासा वाटला, यातच बरंच काही आलं.

पण हे सगळं साहेबापुरतं. मावशी, वर्गमित्र, सोसायटीचा ग्रुप यांच्यासाठी कायदा नाही. तिथे लोक आपापल्या युक्त्या काढतात. कुणी एअरप्लेन मोड लावून मेसेज उघडतं, कुणी ‘लास्ट सीन’ बंद ठेवतं, कुणी वाचून झाल्यावर पुन्हा ‘अनरेड’ करतं, ते मात्र स्वतःच्या आठवणीपुरतं, कारण टिक आधीच निळी झालेली असते. सगळ्यांत सोपी युक्ती म्हणजे वरून उतरणाऱ्या नोटिफिकेशनच्या पट्टीतच वाचणं. परवा एका मैत्रिणीचा मोठा मेसेज आला, त्यातल्या पहिल्या दोन ओळी मी तशाच वाचल्या. विषय नाजूक होता, उत्तर विचार करून द्यावं असा. अजून उघडलेला नाही. टिका करड्याच आहेत. तीन दिवस मी ऑनलाइन दिसतेय हे तिला दिसत असणारच, आणि तिनेही अजून विचारलेलं नाही.