अमेरिकी बुलफ्रॉगचा आहार

अमेरिकी बुलफ्रॉग (लिथोबेट्स कॅटेस्बियानस) हा मूळचा उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातला बेडूक. पाय सोडून त्याची लांबी २० सेंमी.पर्यंत भरते. मांसासाठी पाळायला तो अनेक देशांत नेला गेला, तिथून निसटला आणि राखीव पाणथळ जागांतही जाऊन बसला.

शिकारीची त्याची रीत साधी आहे. काठाला दबा धरायचा, समोर काही हलले की झेप घ्यायची, भक्ष्य मोठे असेल तर पुढच्या पायांनी तोंडात कोंबायचे. बारीक दात पकडीपुरतेच. चावणे नाही, सगळे सबंध गिळायचे. म्हणून तोंडात मावेल ते अन्न: कीटक, गोगलगायी, क्रेफिश (गोड्या पाण्यातले शेवंडासारखे कवचधारी प्राणी), मासे, उंदीर, लहान साप, पक्ष्यांची पिल्ले, आणि बेडूक. त्यात स्वजातीची पिल्लेही आली. वटवाघूळ गिळल्याच्या नोंदी आहेत, पण त्यांना मिळालेली प्रसिद्धी पोटातल्या प्रमाणापेक्षा फारच जास्त. बहुतेक पोटांत कीटक नाहीतर क्रेफिश निघतात.

पोटातला ऐवज वाचताना मात्र जपावे लागते. भक्ष्ये मोजली तर कीटक वरचढ ठरतात, वजन केले तर एखादा गिळलेला बेडूकही हिशेब फिरवतो. शिवाय स्थानिक बेडूक पोटात सापडत नाही तेव्हा तो सुरक्षित आहे असे नव्हे; तळ्यात उरलाच नसेल तर सापडणार कुठून?

भैकेर, म्हणजे अंड्यातून निघालेली शेपटीवाली पिल्ले, मुख्यतः शेवाळ खरवडून खातात आणि स्थानिक भैकेरांच्या अन्नात वाटेकरी होतात. थंड प्रदेशांत त्यांची वाढ एक-दोन हिवाळे चालते, त्यामुळे त्यांना बारमाही पाणी लागते. चतुराच्या पाण्यातल्या अळ्या त्यांचा फडशा पाडतात. पण ब्लूगिल हा मासा सोडलेल्या तळ्यांत तो अळ्याच खातो आणि भैकेर वाचतात. माशाला हे भैकेर फारसे रुचत नाहीत.

जपानची कथा याहून विचित्र. तिथे १९१८ मध्ये बुलफ्रॉग आणले गेले आणि १९२७ मध्ये त्यांचे खाद्य म्हणून अमेरिकेतून तांबडे क्रेफिश. आज दोन्ही तिथे उपद्रवी मानले जातात.

अमेरिकेतल्या योसेमिटी राष्ट्रीय उद्यानाच्या दरीत बुलफ्रॉग १९५०च्या दशकात एका हॉटेलच्या शोभेच्या तळ्यातून पसरले. रात्री विजेरीच्या उजेडात एकेक पकडत, अंडी व भैकेर काढत अनेक वर्षे मोहीम चालली. २०१९ मध्ये ते तिथून संपल्याचे जाहीर झाले. कॅलिफोर्नियातला तांबड्या पायांचा स्थानिक बेडूक आता त्याच दरीत पुन्हा सोडला गेला आहे.