साइड आणि टाइड: एका फॉस्फेटचा फरक

शाळेत डीएनए शिकलेल्या प्रत्येकाला न्यूक्लिओटाइड माहीत असतो: बेस, साखर आणि फॉस्फेट. त्यातला फॉस्फेट काढला की उरतो तो न्यूक्लिओसाइड. ॲडेनिन या बेसला रायबोज ही साखर जोडली की ॲडेनोसिन झाला, त्यावर तीन फॉस्फेट चढले की एटीपी. व्याख्या एवढीच. तरी मेंदूच्या औषधांवरच्या लेखांत हे दोन शब्द सर्रास एकाच्या जागी दुसरा असे वापरलेले दिसतात, आणि मला त्याचा मनापासून राग येतो. औषध मेंदूत पोचणार की नाही, हे ठरतं ते नेमकं त्या फॉस्फेटवर.

फॉस्फेटवर ऋण भार असतो. पेशीचं आवरण स्निग्ध असल्यामुळे भार असलेल्या रेणूला ते सहजी आत घेत नाही. रक्तातून मेंदूत शिरायचं तर रक्तवाहिन्यांच्या घट्ट चिकटलेल्या पेशी ओलांडाव्या लागतात. त्यांच्या आवरणात न्यूक्लिओसाइडसाठी वाहक प्रथिनं असतात, फॉस्फेट लागलेला रेणू मात्र ती उचलत नाहीत. म्हणून प्रवास न्यूक्लिओसाइडने करायचा आणि आतलं काम बहुतेकदा न्यूक्लिओटाइडने. आत गेल्यावर कायनेज हे एन्झाइम फॉस्फेट चढवतं आणि रेणू तिथेच अडकतो. ज्या भारामुळे तो दाराबाहेर राहिला असता, त्याच भारामुळे आता आत टिकतो.

हर्पिसच्या विषाणूने मेंदूला सूज आली आणि उपचार झाला नाही, तर सुमारे 70 टक्के रुग्ण दगावतात. त्यावरचं असायक्लोव्हिर ही ग्वानोसिन या न्यूक्लिओसाइडची नक्कल. शिरेतून, किलोमागे 10 मिलिग्रॅम, दर आठ तासांनी, 14 ते 21 दिवस. ओठावरच्या फोडांसाठी मिळणाऱ्या गोळीने हे काम होत नाही. यातला पहिला फॉस्फेट चढवतं ते विषाणूचंच थायमिडिन कायनेज. निरोगी पेशीत ही पहिली पायरी जवळपास होतच नाही, म्हणून ती बचावते. पुढचे दोन फॉस्फेट आपल्या पेशीची एन्झाइमं चढवतात आणि तयार झालेला रेणू विषाणूची डीएनए-निर्मिती रोखतो. विषाणू औषधाला दाद देईनासा होतो, तेव्हा बहुतेकदा हेच कायनेज बिघडलेलं असतं. असायक्लोव्हिरला ‘न्यूक्लिओटाइड औषध’ म्हटलं की ही सगळी गोष्टच नाहीशी होते. औषधसंशोधक गर्ट्रूड एलियन यांना 1988 चं नोबेल मिळालं ते औषधं घडवण्याच्या अशाच विचारासाठी.

कोविडमध्ये घरोघरी पोचलेलं रेमडेसिव्हिर हे नाव वेगळ्या वाटेचं. त्यात एक फॉस्फेट आधीच असतो, पण त्याचा भार रासायनिक झाकणाखाली लपवलेला असतो.

पेशी आत फॉस्फेट चढवते, याचा उपयोग कमतरता भरून काढायलाही होतो. सीएडी जनुकात दोष असलेल्या मुलांना युरिडिनचे न्यूक्लिओटाइड मुळापासून पुरेसे घडवता येत नाहीत. आकडी थांबत नाही, वाढ मागे जाते, रक्तक्षय होतो. त्यांना थेट न्यूक्लिओटाइड पाजून उपयोग नसतो. तोंडाने साधं युरिडिन दिलं की पेशी त्यावर फॉस्फेट चढवून आपली गरज भागवतात. 2017 मध्ये अशा मुलांच्या आकड्या युरिडिनने थांबल्याची नोंद प्रसिद्ध झाली. मला या विषयातलं याहून सुंदर उदाहरण माहीत नाही.

आता आपल्या ओळखीचं सिटिकोलिन. अर्धांगवायूच्या रुग्णाच्या फाइलमध्ये हे नाव हमखास सापडतं, आणि ‘थेट मेंदूत जाऊन पेशी दुरुस्त करतं’ असं नातेवाइकांना सांगितलं जातं. सिटिकोलिन म्हणजे सीडीपी-कोलिन, सायटिडिनचे दोन फॉस्फेट बाळगणारा रेणू. गोळी गिळली की आतड्यात आणि यकृतात तो फुटतो. कोलिन सुटतो, सायटिडिनचं माणसात बरंचसं युरिडिन होतं, आणि मेंदूच्या दारापर्यंत जातात ते हे तुकडे. पुन्हा जोडणी झालीच तर आत. म्हणजे ‘थेट’ काहीच नाही. आणि पक्षाघाताच्या 2298 रुग्णांवरच्या 2012 च्या इक्टस चाचणीत 90 दिवसांनी सिटिकोलिन घेतलेले आणि न घेतलेले रुग्ण सारखेच निघाले.