मेडिकेड आणि ऐंशी तासांची हजेरी

२०१८च्या जूनमध्ये अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्याने मेडिकेडच्या, म्हणजे गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याच्या, काही लाभार्थ्यांना नवी अट घातली. महिन्याला ८० तास काम करायचं आणि ते केल्याची नोंद वेबसाइटवर करायची. सुरुवातीचे महिने ही नोंद फक्त ऑनलाइन करता येत होती. त्यासाठी ईमेल लागायचा, शिवाय टपालाने आलेल्या पत्रातला क्रमांकही. आणि ही वेबसाइट रात्री ९ला बंद व्हायची ती थेट सकाळी ७ला उघडायची! हॉटेलात भांडी घासून दहाला घरी पोचणाऱ्याने नोंद कधी करायची, हा प्रश्न कुणाला पडलेला दिसत नाही.

वर्षात तीन महिने नोंद चुकली की उरलेलं वर्ष विमा बंद. डिसेंबरपर्यंत १८ हजारांहून जास्त लोक बाहेर फेकले गेले. पुढे हार्वर्डच्या संशोधकांनी पाहणी केली, तर ज्यांच्यासाठी अट होती त्यांतले ९५ टक्क्यांहून जास्त लोक एकतर अट आधीच पूर्ण करत होते किंवा सवलतीत बसत होते. रोजगार वाढल्याचं तर कुठेच आढळलं नाही. आयतोबा शोधायला काढलेल्या जाळ्यात कागद न भरलेले लोकच जास्त सापडले.

हे इथवर आलं कसं, त्यासाठी १९६५मध्ये जावं लागतं. ३० जुलैला राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी माजी राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांच्या गावी, इंडिपेन्डन्सला जाऊन कायद्यावर सही केली. गाजावाजा झाला तो वृद्धांच्या मेडिकेअरचा. केंद्र आणि राज्यांनी मिळून खर्च उचलायचं मेडिकेड त्याच कायद्यात मागच्या बाकावर बसलं होतं. ते मिळायचं मुख्यतः रोख सरकारी मदत घेणाऱ्यांना: लहान मुलं आणि त्यांच्या आया, अंध, अपंग, वृद्ध. मूलबाळ नसलेल्या धडधाकट माणसाला त्यात जागाच नव्हती, मग त्याला कामाची अट कोण घालणार? लुळ्यापांगळ्यांना मदत आणि धडधाकटांना काम, ही वाटणी इंग्लंडच्या १६०१च्या गरिबांविषयीच्या कायद्यातही होतीच.

१९९६मध्ये क्लिंटन यांनी रोख मदतीची जुनी योजना मोडीत काढली. नव्या योजनेला कामाची अट आणि आयुष्यभरात साधारण पाच वर्षांची मर्यादा आली. अन्नमदतीतही, मुलं नसलेल्या बेरोजगार प्रौढांना तीन वर्षांत तीनच महिने, असं ठरलं. मेडिकेडची रोख मदतीशी बांधलेली गाठ मात्र याच कायद्याने सोडवली, त्यामुळे विमा तेव्हा वाचला. (ग्रीन कार्डवर मुलांकडे गेलेल्या आईबाबांना पहिली पाच वर्षं केंद्राच्या पैशातून मेडिकेड सहसा मिळत नाही, ती अटही इथलीच. तिकडच्या मराठी घरांत ती चांगलीच माहीत आहे.)

खरी कलाटणी २०१०ची. ओबामांच्या आरोग्य कायद्याने दारिद्र्यरेषेच्या १३८ टक्क्यांपर्यंत उत्पन्न असलेल्या सगळ्या प्रौढांना मेडिकेड खुलं केलं आणि तो धडधाकट माणूस पहिल्यांदाच सर्रास यादीत आला. २०१२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा विस्तार राज्यांसाठी ऐच्छिक ठरवला आणि राज्यांच्या हाती घासाघीस करायला आयतं हत्यार दिलं. ‘विस्तार करतो, पण कामाची अट घालू द्या’ ही काही राज्यांची मागणी ओबामा सरकारने शेवटपर्यंत मानली नाही.

ट्रम्प आल्यावर वारं फिरलं. मेडिकेड सांभाळणाऱ्या केंद्रीय संस्थेच्या प्रमुख झाल्या भारतीय वंशाच्या सीमा वर्मा. इंडियानाची मेडिकेड योजना आखण्यात त्यांचा मोठा हात होता. ११ जानेवारी २०१८ला त्यांच्या संस्थेने कामाची अट घालायची मुभा देणारं पत्र राज्यांना पाठवलं आणि दुसऱ्याच दिवशी केंटकीच्या अटीला मंजुरी दिली. कामाने तब्येत सुधारते, असा युक्तिवाद होता. मात्र नोकरी शोधून देण्यावर मेडिकेडचा पैसा खर्च करायला त्याच पत्रात मनाई होती.

हे सगळं कायद्यातल्या ‘प्रयोगा’च्या, म्हणजे राज्यांना नेहमीचे नियम बाजूला ठेवून काही करून पाहू देणाऱ्या, कलमाखाली चाललं होतं, आणि कोर्टात ते तिथेच अडकलं. मार्च २०१९मध्ये न्यायाधीश बोसबर्ग यांनी केंटकी आणि आर्कान्साच्या मंजुऱ्या रद्द केल्या: योजनेचा हेतू उपचार पुरवण्याचा, आणि किती लोकांचा विमा जाईल याचा विचारच सरकारने केलेला नाही. फेब्रुवारी २०२०मध्ये अपील न्यायालयाने आर्कान्साबाबतचा निकाल एकमताने उचलून धरला. निकाल लिहिणारे न्यायाधीश सेन्टेल हे ट्रम्प यांच्याच रिपब्लिकन पक्षाच्या रेगन यांनी नेमलेले, हेही इथे सांगायला हवं. पुढे बायडेन सरकारने मंजुऱ्याच मागे घेतल्या. एकटं जॉर्जिया कोर्टात जिंकलं. तिथे जुलै २०२३मध्ये अटीसह योजना सुरू झाली. पहिल्या वर्षी २५ हजार लोक येतील असा अंदाज होता, आले साडेचार हजारांच्या आतच.

४ जुलै २०२५ला ट्रम्प यांनी सही केलेल्या कायद्याने प्रयोगाचा आडोसाच काढून टाकला. आता अट थेट कायद्यात आहे: विस्तारातून आलेल्या १९ ते ६४ वयाच्या प्रौढांनी महिन्याला ८० तास काम, शिक्षण किंवा समाजसेवा करायची, नाहीतर ५८० डॉलर कमवायचे. हा आकडा म्हणजे ताशी ७.२५ डॉलरच्या किमान वेतनाचे ८० तास, आणि ते वेतन २००९पासून हललेलं नाही. १३ वर्षांपर्यंतच्या मुलांचे पालक, गंभीर आजारी वगैरेंना सूट आहे. अंमलाची तारीख १ जानेवारी २०२७. राज्यांना आधीही सुरू करता येईल आणि केंद्राने मान्य केलं तर २०२८अखेरपर्यंत थांबताही येईल. या अटीमुळे २०३४पर्यंत ५३ लाख लोक विम्याबाहेर जातील, असा संसदेच्याच अर्थसंकल्प कार्यालयाचा अंदाज आहे.

आर्कान्साचा धडा कायद्यात थोडाफार उतरलाय. शक्य असेल तिथे राज्याने आधी पगाराच्या नोंदी स्वतः तपासायच्या, लाभार्थ्याकडे कागद नंतर मागायचा. रोखीने लोकांच्या अंगणातलं गवत कापून देणाऱ्याचं नाव मात्र कुठल्याच पगारपत्रकावर नसतं. त्याचे ८० तास त्याचे त्यालाच मांडून दाखवावे लागतील.