मालट्रक

मालट्रक म्हणजे माल वाहण्यासाठीच बनवलेली मोटारगाडी, पुढे केबिन आणि मागे हौदा, टाकी, डबा किंवा नुसता सपाट प्लॅटफॉर्म, ज्याला जे लागेल ते. ‘मालट्रक’ हा शब्द आता जास्त करून पेपरातल्या अपघाताच्या बातम्यांत दिसतो, बोलताना आपण ट्रक किंवा नुसतं गाडी म्हणतो, आणि धंद्यातली माणसं तर टायर मोजतात नाहीतर कंपनीचं नाव घेतात. दहा टायर, चौदा टायर, टॉरस, आयशर, चारशेसात, हायवा, छोटा हत्ती. सरकारी कागदावर प्रकार पडतात ते वजनावरून, पण अड्ड्यावर भाडं ठरवताना चालतात ही नावं, आणि यातल्या बऱ्याच नावांमागे थोडाफार इतिहास आहे.

सुरुवात युरोपातली. 1769 मध्ये फ्रान्सच्या कुन्यो नावाच्या लष्करी इंजिनियरने तोफा ओढायला वाफेवर चालणारी तीनचाकी गाडी बनवली, ती माणसाच्या चालीनेच चालायची. खरा मोटार ट्रक 1896 चा, जर्मनीच्या गॉटलिब डाइमलरचा, 4 हॉर्सपॉवरचं इंजिन मागच्या बाजूला आणि दीड टन माल. दिसायला ती घोडा सोडून ठेवलेली घोडागाडीच होती, आणि पहिलं गिऱ्हाईक मिळालं ते लंडनचं. तरी पुढची काही वर्षं घोडाच स्वस्त पडायचा. ट्रकवर लोकांचा विश्वास बसला तो पहिल्या महायुद्धात. 1916 ला व्हर्दंच्या लढाईत फ्रेंचांनी एकाच रस्त्याने रात्रंदिवस ट्रक सोडले, गर्दीच्या दिवसांत दर 14 सेकंदांना एक गाडी जात होती म्हणतात. पुढे 1923-24 च्या सुमारास जर्मनीत डिझेल ट्रक आले आणि जड मालासाठी पेट्रोल हळूहळू मागे पडलं.

आपल्याकडे टाटांची टेल्को, म्हणजे आजची टाटा मोटर्स, ही कंपनी 1945 ला निघाली ती रेल्वे इंजिनं बनवायला. 1954 मध्ये तिने डाइमलर-बेंझशी 15 वर्षांचा करार करून जमशेदपूरला ट्रक सुरू केले, म्हणून जुन्या टाटा ट्रकच्या नाकावर मर्सिडीजचा तारा असायचा. 1969 ला करार संपला, ताऱ्याच्या जागी टी आला, गाडी मात्र तीच राहिली. टाटाच्या नंबरांत एक गंमत आहे, पहिले आकडे साधारण एकूण वजन टनात आणि शेवटचे दोन म्हणजे हॉर्सपॉवर भागिले दहा. 1210 म्हणजे 12 टन आणि 100 च्या आसपास पॉवर, 1613 म्हणजे 16 टन, 130. चारशेसातचंही तसंच, 4 आणि 70.

टेंपो हा शब्द मराठीत इतका मुरलाय की तो ब्रँड होता हे सांगावं लागतं. हॅम्बुर्गच्या विडाल आणि सोन कंपनीच्या गाड्यांचं ते नाव, 1958 पासून फिरोदियांच्या बजाज टेंपोने तिची तीनचाकी इथे बनवली, पुढे कारखाना पुण्याजवळ आकुर्डीला आला. जर्मनीतला ब्रँड कधीच संपला, बजाज टेंपोनेही 2005 ला नाव बदलून फोर्स मोटर्स केलं, तरी आपण घर बदलताना टेंपोच बोलावतो, मग दारात येणारी गाडी कुठल्या का कंपनीची असेना. विदर्भात त्याच कंपनीच्या दुसऱ्या गाडीचं नाव चिकटलं, तिकडे छोट्या मालगाडीला मेटॅडोर म्हणतात. आयशरचं तसंच, ऐंशीच्या दशकात जपानी कंपन्यांच्या साथीने हलके ट्रक आले त्यातला मित्सुबिशीच्या मदतीचा हा एक, आणि त्यांना उत्तर म्हणून टाटाने 1986 ला 407 काढला. 2005 मध्ये पुण्यात टाटा एस आला, दोन सिलेंडरचं 16 हॉर्सपॉवरचं इंजिन आणि पाऊण टन माल. त्याचं हिंदीतलं टोपणनाव ‘छोटा हाथी’ आपल्याकडे छोटा हत्ती झाला, आणि गल्लीबोळातल्या तीनचाकी मालरिक्षांचा धंदा त्याने बऱ्यापैकी खाल्ला.

मोठ्या गाड्यांत मुख्य फरक एवढाच की इंजिन आणि हौदा एकाच चासीवर, म्हणजे खालच्या सांगाड्यावर, आहे का, का पुढचा घोडा वेगळा आणि मागचा ट्रेलर वेगळा. घोडा म्हणजे ट्रेलर ओढणारं पुढचं युनिट, हा शब्द अड्ड्यावर सर्रास चालतो, म्हणजे डाइमलरने सोडवलेला घोडा असा परत आला म्हणायचा. टायर वाढले की वजनाची परवानगी वाढते कारण रस्त्यावरचा भार वाटला जातो. 2018 ला केंद्राने मर्यादा वाढवल्या, दहा टायरची 25 वरून 28.5 टन आणि सगळ्यात मोठ्या ट्रेलरची 49 वरून 55 टन. काही ट्रकचा एक धुरा हवेत उचललेला दिसतो, तो बिघाड नसतो, तो लिफ्ट ॲक्सल, गाडी रिकामी असली की टायर झिजू नयेत म्हणून वर घेतात.

हायवा म्हणजे खडी-मुरूम ओतणारा टिपर. हायवा हे नाव खरं तर ट्रकचं नाहीच, हौदा उचलणारा जॅक बनवणाऱ्या मूळच्या डच कंपनीचं आहे. गिअरबॉक्सवरून ऑइल पंप चालतो, तेलाच्या दाबाने दुर्बिणीसारखा एकात एक बसलेला सिलेंडर लांब होत जातो आणि हौदा उभा राहतो. वर विजेच्या तारा आहेत का हे बघितल्याशिवाय उचलायचा नाही, आणि हौदा खाली न घेता गाडी पुढे काढायची नाही, कितीतरी अपघात असेच झालेत. टँकरमध्ये आतून भिंती आणि कप्पे असतात नाहीतर वळणावर द्रव एका बाजूला धावून गाडी आडवी होईल, दुधाच्या टँकरला दुहेरी स्टीलच्या भिंती आणि मध्ये थंडावा टिकवणारा थर. बाकी कंटेनर, सुटं सिमेंट नेणारा बल्कर, मिक्सर, थंड माल नेणारा रीफर हे सगळे मालाप्रमाणे.

मोठ्या ट्रकचे ब्रेक हवेवर चालतात आणि हवेचा दाब पार उतरला तर ते सुटत नाहीत, उलट आवळतात. घाटात घात होतो तो दुसऱ्या कारणाने, उतारावर डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल केली की सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेकचे लायनर, म्हणजे घासून गाडी धरणारे पट्टे, तापतात आणि धरेनासे होतात. बोरघाटात उतरताना जळका वास येतो तो त्याचाच. चढताना ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरायचं, हे जुने ड्रायव्हर किन्नरला, म्हणजे क्लीनरला, पहिल्यांदा शिकवतात.

माल चढवण्या-उतरवण्याचा हिशेब वेगळाच. बिल्टी, म्हणजे मालाची पावती, हुंडेकऱ्याची म्हणजे ट्रान्सपोर्टवाल्याची, वाराई, म्हणजे चढवण्या-उतरवण्याची मजुरी, हमालाची, आणि महाराष्ट्रात 1969 पासून अशा ओझं वाहणाऱ्या कामगारांसाठी माथाडी कायदा आहे, अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून आलेला. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला आणि मुंबईच्या जकात नाक्यांवरच्या रांगा गेल्या, नाहीतर चहा, जेवण, झोप सगळं त्या रांगेतच व्हायचं.

ट्रक पूर्वी कारखान्यातून बहुतेक वेळा पूर्ण बाहेर पडतच नसे. नुसती चासी, पुढे काउल म्हणजे इंजिनावरचा पुढचा पत्रा, काच नाही, दार नाही, बसायला फळी नाहीतर खोकं. ड्रायव्हर तोंडाला टॉवेल गुंडाळून, गॉगल लावून शेकडो किलोमीटर तशीच आणायचा आणि मग बॉडीवाल्याकडे सुतार-लोहार केबिन, फाळके म्हणजे हौद्याच्या कडेच्या फळ्या, हौदा बसवायचे, पेंटर मागे हॉर्न ओके प्लीज लिहायचा. त्या ओळीवर महाराष्ट्राने 2015 ला बंदी घातली, तरी ती अजून दिसते. आता केबिन कारखान्यातूनच येते, आणि 1 ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकना केबिनमध्ये एसी सक्तीचा आहे. त्याआधीच्या गाड्यांना तो नियम नाही, त्यांच्यात मे महिन्यात अजून ओला टॉवेलच.