मधुमेही हृदयरुग्णांच्या रक्तातील गुठळी

हृदयाच्या धमनीत साचलेला मेदाचा थर फुटला की त्या जागी रक्ताची गुठळी धरते, आणि बहुतेक हृदयविकाराचे झटके या गुठळीने रक्तप्रवाह अडवल्यामुळे येतात. मधुमेही हृदयरुग्णांत ती लवकर धरते हे अनेकांना ठाऊक असते. ती विरघळायलाही जास्त वेळ घेते, याकडे मात्र फारसे लक्ष जात नाही.

धमनीचे निरोगी अस्तर नायट्रिक ऑक्साइड आणि प्रोस्टासायक्लिन ही द्रव्ये स्रवून प्लेटलेटना, म्हणजे एकमेकींना चिकटून गुठळी धरणाऱ्या रक्तातील सूक्ष्म पेशींना, आवर घालते. साखर दीर्घकाळ वाढलेली राहिली की हा आवर सैल पडतो आणि प्लेटलेट क्षुल्लक निमित्तानेही एकमेकींना चिकटतात.

त्याहून मोठा बदल गुठळीच्या जाळ्यात होतो. हे जाळे ज्यापासून बनते ते फायब्रिनोजेन हे प्रथिन मधुमेहात वाढलेले असते. शिवाय हिमोग्लोबिनला चिकटते तशी साखर त्यालाही चिकटते. परिणामी धागे बारीक, जाळे दाट आणि छिद्रे लहान होतात, आणि दाट विणीच्या कापडात पाणी मुरायला वेळ लागावा तसे गुठळी विरघळवणारे प्लाझ्मिन आत सावकाश शिरते. त्यात भर म्हणजे, प्लाझ्मिन तयार होण्याच्या प्रक्रियेलाच खीळ घालणारे ‘पीएआय-१’ हे प्रथिन, विशेषतः पोटाभोवती चरबी वाढलेल्या मधुमेहींत, जास्त असते. त्याची पातळी सर्वांतच पहाटे-सकाळी चढते, आणि झटक्यांचे प्रमाणही सकाळच्या वेळी अधिक आढळते.

नेहमीच्या तपासण्यांत यातले फारसे काही दिसत नाही. प्लेटलेटची संख्या कळते, त्यांची वृत्ती कळत नाही. पीटी-आयएनआर या रक्तचाचणीतून रक्त गोठायला किती वेळ लागतो ते समजते, गुठळी किती दाट झाली ते नव्हे.

प्लेटलेटना चिकटण्यापासून रोखणारी ॲस्पिरिन रक्तात फार थोडा वेळ टिकते, तरी दिवसातून एक गोळी पुरते, कारण प्लेटलेटला केंद्रक नसल्याने गोळीने निकामी केलेले विकर (एन्झाइम) ती पुन्हा बनवू शकत नाही, आणि तिचे आयुष्यही ७ ते १० दिवसांचेच असते. मधुमेहात मात्र अस्थिमज्जा नव्या प्लेटलेट भराभर सोडते. गोळीचा अंश रक्तातून गेल्यावर आलेल्या या प्लेटलेट औषधापासून अस्पर्श राहतात, त्यामुळे काही रुग्णांत चोवीस तास पुरे होण्याआधीच परिणाम ओसरू लागतो. अर्थात, एवढ्यावरून डोस स्वतःच वाढवणे धोक्याचे आहे.

हृदयविकार नसलेल्या मधुमेहींनी ॲस्पिरिन घ्यावी का, हा प्रश्न वेगळा. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘असेंड’ चाचणीत अशा १५,४८० जणांपैकी ॲस्पिरिन घेणाऱ्यांत हृदय व रक्तवाहिन्यांच्या गंभीर घटना ९.६ टक्क्यांऐवजी ८.५ टक्के झाल्या, पण मोठा रक्तस्राव ३.२ वरून ४.१ टक्क्यांवर गेला. ज्यांना झटका येऊन गेला आहे, त्यांच्या बाबतीत मात्र फायद्याचे पारडे स्पष्टपणे जड असते.